टिपाडातला ढाण्या

ऐन दुष्काळात मी घरातलं पाण्याचं टिपाड कुत्र्याला राहायला दिलं.

हे एवढं एक वाक्य लिहून मी हिला वाचून दाखवलं, तर ही म्हणाली, "झालं की मग. आता बाकीचं कशाला लिहिता? ओळखणारे ओळखतील." पण ओळखणारे आता फारसे उरलेले नाहीत, आणि जे उरलेत त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून लिहितो. टिपाड म्हणजे डांबराचा रिकामा लोखंडी ड्रम. शहरात तेव्हा जिकडंतिकडं रस्ते होत होते, त्यामुळं पाणी नसलं तरी टिपाडं भरपूर होती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अशी दोन टिपाडं कुठूनशी मिळवून आणली होती. आतून जाळून काढली, विटेच्या तुकड्यानं घासली, चुना फिरवला, आणि मग आईनं त्यांना हळदकुंकू लावलं. घरात शिवणयंत्र आलं तेव्हासुद्धा आईनं एवढ्या भक्तीनं हळदकुंकू लावलं नव्हतं.

आम्ही उस्मानपुऱ्यात राहायचो. आता तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही, पण तेव्हा आमच्या गल्लीच्या शेवटाला गाव संपायचं आणि पुढं नुसता मुरूम. दोन खोल्या, पत्र्याचं स्वयंपाकघर, छोटंसं अंगण. अंगणाच्या एका बाजूला जी भिंत होती, तिच्या पलीकडं शमीमखाला. या भिंतीची वरची एक वीट कधीकाळी निसटली होती आणि दोन्ही घरांनी ती परत बसवायची नाही असं न बोलता ठरवलं होतं. त्या भोकातून कोथिंबीर जायची, विरजण जायचं, स्टोव्हची पिन जायची, आणि दिवसभर बातम्या. आमच्याकडं सकाळी पहिला आवाज स्टोव्हचा. मग लताताईचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, शिवणयंत्र, ती लोकांचे ब्लाउज शिवायची. मग स्टेशनकडच्या कारखान्याचा भोंगा, तो ऐकून अण्णा डबा घेऊन सायकलीवर टांग मारायचे. आणि मग आईची भाकरी थापायची थापथाप, तीही त्या दिवसांत जरा रागातच, कारण पीठ मिलोचं असायचं. अमेरिकेतून आलेली ती लाल जोंधळ्यासारखी मिलो रेशनवर मिळायची. तिची भाकरी तव्यावरून उतरताना विटेसारखी दिसायची आणि खातानाही फार फरक पडायचा नाही. आई म्हणायची, "ज्यांनी धाडली त्यांनी एकदा इथं येऊन खाऊन बघावी."

कुत्रं आलं ते शेंद्र्याहून. अण्णांची तिकडं एका धनगर कुटुंबाशी जुनी ओळख होती, बिरूमामा म्हणायचो आम्ही त्यांना. माळावर चारा राहिला नाही तेव्हा बिरूमामांनी मेंढरं विकून टाकली आणि बायकापोरांना घेऊन ते पैठणला धरणाच्या कामावर निघाले. जाताना कुत्रं आमच्या दारात बांधलं. "राखणीला एक नंबर," म्हणाले. "लांडग्याच्या अंगावर जातंय. नाव ढाण्या. लेकरावानी ठेवलंय, वैनी. तिकडं कामावर नेऊ देत न्हाईत." एवढं बोलून ते कुत्र्याकडं न बघता झपाझपा गेले, आणि ढाण्या त्यांची पाठ दिसेनाशी झाल्यावरही तिकडंच बघत उभा राहिला. पिवळट रंग, मोठं डोकं, एका कानाचा लांडग्यानं खाल्लेला तुकडा. मी गल्लीत सगळ्यांना सांगून आलो की आमच्याकडं लांडगा फाडणारं कुत्रं आलंय, सांभाळून राहा. तोवर घरात आईनं स्टोव्हला पंप मारला होता. मी परत आलो तेव्हा लांडगा फाडणारं कुत्रं न्हाणीत, बादलीच्या मागं, डोळे मिटून थरथरत होतं.

ढाण्या कशाला भीत नसे हे सांगणं सोपं आहे. लांडग्याला आणि सापाला, आणि दोन्ही उस्मानपुऱ्यात मिळत नसत. बाकी सगळ्याला तो भ्यायचा. स्टोव्हला, शिवणयंत्राला, भोंग्याला. रेडिओ लागण्याआधी जी खरखर येते तिला. छत्रीला, मिटलेल्यासुद्धा. अण्णांच्या शिंकेला तर इतका, की अण्णांना शिंक येणार हे त्यांच्याआधी त्याला कळायचं आणि तो नाहीसा व्हायचा. मुळात त्यानं आयुष्यात कधी भिंत पाहिली नव्हती. उघड्या माळावर आवाज लांबून येतो, कुठून येतो ते दिसतं. आमच्या घरात आवाज एकदम अंगावर यायचा, भिंतीवर आपटून परत यायचा, आणि बिचाऱ्याला वाटायचं की दोन आहेत. हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की गल्लीतली पोरं मला "लांडगेसाहेब" म्हणायला लागली आहेत.

तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाला माझ्याकडं उत्तर असायचं, गणित सोडून. मी विचार केला: याला घाबरल्यावर जायला हक्काची जागा पाहिजे. नळाला तेव्हा करंगळीएवढी धार यायची. तीत एक टिपाडसुद्धा भरत नसे, दुसरं महिनाभर कोरडंच होतं. ते मी आडवं केलं, न्हाणीच्या आडोशाला सावलीत ढकललं, वर गोणपाट टाकलं, आत माझा जुना सदरा अंथरला. ढाण्या पहिल्यांदा वास घेऊन लांब झाला. तेवढ्यात अण्णा शिंकले. तो आत गेला तो गेलाच. त्या टिपाडात तो मावायचाही असा बेताचा, की बेतूनच केलंय. अंग तिन्ही बाजूंनी टेकलेलं, तोंड उजेडाकडं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं भाकरी खाल्ली, मिलोची, आणि ती खाणारा तो घरातला पहिलाच जीव होता की जो कुरकुरला नाही. मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. लताताई म्हणाली, "सुधाकर, तू ते टिपाड पाण्याचं होतं हे विसरलास का रे?" मी म्हणालो, "पाणी कुठंय?" या उत्तराचा मला दोन-तीन दिवस अभिमान होता.

त्याच आठवड्यात शमीमखालाकडं पाहुणे आले. पैठणकडच्या एका खेड्यातून त्यांची धाकटी बहीण, चार पोरं आणि सासू. विहीर आटली म्हणून आलेले, म्हणजे मुक्काम किती ते कुणी विचारायचं नाही असे पाहुणे. खालांचे यजमान सायकली दुरुस्त करायचे आणि घरात पाणी साठवायला एकच टिपाड होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीच्या भोकात खालांचा अर्धा चेहरा आला. "भाभी, तुम्हारा वो खाली ड्रम देते क्या? पावसाला लगे तक. घर में आदमी इत्ते हो गये ना." आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मला वाटलं आता ही सांगणार, पोरानं कुत्र्याला दिलंय, थांबा, काढून देते. आई म्हणाली, "अगंबाई, ते गळतंय की हो खाला. बुडाशी भोक पडलंय." खाला "हौ? अच्छा अच्छा" म्हणाल्या आणि चेहरा गेला. मी तोंड उघडणार तोच आईनं पिठाचा हात माझ्या तोंडावरून असा फिरवला, की मला पुढं बोलता आलं नाही.

आईनं खोटं का सांगितलं ते तिनं मला बऱ्याच नंतर सांगितलं, पण तुम्ही अंधारात राहू नये म्हणून इथंच सांगतो. खालांकडं नमाज, त्याआधीची हातपाय धुण्याची वजू, सगळं काटेकोर. कुत्र्याचं तोंड लागलेलं भांडं त्यांच्यात चालत नाही हे आईला माहीत होतं. ढाण्याला त्या हाडं द्यायच्या, पण भिंतीच्या भोकातून चिमट्यानं. "आता ज्यात कुत्रं लोळतंय ते टिपाड त्यांना प्यायच्या पाण्याला कसं देऊ? आन् कुत्रं लोळतंय म्हणून सांगावं, तर पाव्हण्यापेक्षा यांना कुत्रं मोठं, असं व्हतंय. गळतंय म्हणलं की कुणालाच वाईट नाय." मराठवाड्यात शेजाऱ्याचं मन राखायचं असलं की माणसं अशी काळजीपूर्वक खोटं बोलतात.

मग नळाची करंगळीही आटली आणि टँकर सुरू झाले. नियम असा होता की एका घराला दोन टिपाडं. टँकर दहा-बारा दिवसांनी येणार, दारोदार थांबणार, टिपाड दारात उभं असलं तर पाइप टाकणार, नसलं तर पुढच्या दारी. पहिल्या दिवशी टँकर गल्लीत शिरला तो हॉर्न देत, मागं पोरांचा कालवा, पुढं बायकांची भांडी. शिवाय "माझा हंडा आधी," "तुझा बाप आला होता का नंबर लावायला," ही गल्लीभरची गर्जना वेगळीच. ढाण्यानं हे सगळं एकदम ऐकलं आणि टिपाडाच्या अगदी बुडाशी जाऊन बसला. मी ओढायला हात घातला तर आतून दात दिसले. आमचं एक टिपाड भरलं, दुसरं अंगणात आडवंच, आणि टँकर पुढं गेला. गल्लीतल्या कुणाला आमची गंमत कळली नाही. खालांना वाटलं असणार, गळकं टिपाड कुत्र्याला दिलंय, बरोबर केलंय. संध्याकाळी अण्णा कामावरून आले, एका टिपाडाकडं बघितलं, दुसऱ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "पुढच्या टँकरला हे टिपाड दारात उभं दिसलं नाही, तर कुत्रं शेंद्र्याच्या माळावर सोडून येईन."

अण्णा फार बोलत नसत, त्यामुळं जे बोलत ते करत. आणि शेंद्र्याच्या माळावर आता कोण होतं? बिरूमामांचं पाल उठलेलं, मेंढरं खाटकाकडं गेलेली. ढाण्या तिथं जाऊन त्याच रिकाम्या जागेवर बसून राहिला असता, हे मला दिसत होतं. मी टिपाड उभं करून पाहिलं. तो दिवसभर त्याच्याभोवती फिरत राहिला, पाणी प्यायला नाही, आणि शेवटी अण्णांच्या सायकलीच्या चाकात डोकं घालून बसला. खाटेखाली गोणपाट टाकलं, लाकडी खोकं आणलं, काही चालेना. परत टिपाड आडवं केलं तेव्हा कुठं श्वास सोडला. (माझ्या नातवाकडं आता एक गुबगुबीत कुत्रं आहे, आणि त्याला शिकवायला मोटारसायकलवरून एक तरुण येतो. मी त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आजोबा, तुमची सुरुवात बरोबर होती. नंतर ते उभं करून बिघडवलंत." नंतरचं मी त्याला अजून सांगितलेलंच नाही!)

नंतरचं असं. मी दोन दिवस डोकं खाजवून शोध लावला की ढाण्या टँकरला भीत नाही, भांडणाला भितो. माळावर माणसं भांडत नाहीत, तिथं भांडायला दुसरं माणूसच नसतं. तेव्हा याला भांडणाची सवय करायची. रोज दुपारी अंगणात टँकरच्या भांडणाची तालीम करायची, भांडण लागलं की हाड टाकायचं, म्हणजे त्याला कळेल की भांडण ही चांगली गोष्ट आहे. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मी एकटी कुणाशी भांडू? तुझ्याशी भांडते त्येला ते कुत्रं कवाच सरावलंय." समोर दुसरी बाई हवी होती. मी भिंतीच्या भोकाशी गेलो. टिपाडाचं बोलायचं नाही अशी आईची ताकीद होती, म्हणून नुसतं म्हणालो, की कुत्रं टँकरला फार घाबरतं, जरा भांडायला येता का?

"झगडा करनेका?" खाला म्हणाल्या. "खालीपीली? दिल में कुछ नै रखके?"

"हो."

"आती मैं. घर में बच्चां इत्ता सताये, किसपे तो बी चिल्लाना था मेरेकू."

अण्णा कामावर गेले की तालीम सुरू व्हायची. लताताई शिवणयंत्र रिकामंच जोरात चालवायची, ते टँकरचं इंजिन. मी सायकलीचा भोंपू दाबायचो, तो हॉर्न. आई हंडा घेऊन इकडून, खाला घागर घेऊन तिकडून, ओढणी सावरत, ढाण्यापासून हातभर लांब. पहिल्या दिवशी दोघींना हसूच आवरेना. "सरका, माझा हंडा आधी!" "नै, मेरी घागर पैली!" आणि खी खी खी. ढाण्या आतून बघत राहिला. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांना सूर सापडला. आमची आई, जी देवळात आरतीलासुद्धा ओठातल्या ओठात म्हणायची, ती कमरेला पदर खोचून अशी काही कडाडली की लताताईचं यंत्र थांबलं. खाला तर हातवारे करताना घागरच विसरल्या. दोघींनी एकमेकींच्या माहेरापर्यंत मजल मारली, आणि संपल्यावर ओट्यावर बसून चहा प्यायल्या. त्या दुष्काळात जनावरं कवडीमोल विकली जात, त्यामुळं हाडांना तोटा नव्हता. भांडण लागलं की एक हाड पडायचं, रोज टिपाडाच्या तोंडापासून थोडं लांब. आणि खरं सांगतो, चमत्कार झाला. ढाण्या आधी नाक काढायला लागला, मग डोकं, मग एक दिवस दोघींचा आवाज चढताच सरळ बाहेर आला, त्यांच्या बरोबर मध्ये जाऊन बसला, आणि एकदा हिच्या तोंडाकडं, एकदा तिच्या तोंडाकडं बघायला लागला. दोघी थांबल्या की तो कासावीस व्हायचा.

आणखी एकच तालीम झाली. त्या दिवशी आई फारच रंगात होती. "सरकाऽ! तुमची घागर काय पळून चाललीय? माझी इथं दोन दोन टिपाडं रिकामी पडलीत!"

खालांनी उत्तर द्यायला हात वर केला होता. तो तसाच राहिला.

"दो?" त्या म्हणाल्या. तालमीतला आवाज नव्हता तो. "एक तो गलता बोले थे ना भाभी, तुम?"

आईनं हंडा खाली ठेवला. मला वाटलं, ही आपलं वाक्य विसरली. तालमीचा सूत्रधार मीच, म्हणून आईची ताकीद विसरून मी पुढं झालो, टिपाडावर थाप मारली, आणि ठणठणीत आवाजात म्हणालो, "नाही नाही खाला, गळत कुठंय? एकदम पक्कं आहे!"

लताताईचं यंत्र थांबलं. ढाण्या दोघींच्या मध्ये बसून शेपूट हलवत हाडाची वाट बघत होता.

"अच्छा," खाला म्हणाल्या. "कुत्ते के वास्ते ड्रम है. मेरी भैन के बच्चां के वास्ते नै." त्यांनी घागर उचलली आणि गेल्या. आईनं त्यांना थांबवायचं होतं, समजावून सांगायचं होतं. पण अपराध्यासारखं वाटलं की आईला आधी राग यायचा. ती भिंतीकडं तोंड करून, पलीकडं नीट ऐकू जाईल असं म्हणाली, "घरभर पाव्हणे आणताना मला इचारलं व्हतं का कुणी?" हे बोलल्याक्षणी तिनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. पण ते गेलं होतं, भोकातून.

त्या दिवसापासून भोक मुकं झालं. विरजण बंद, कोथिंबीर बंद, बातम्या बंद. पलीकडं पोरं रडली तर आई उठून उभी राहायची आणि परत बसायची. खालांच्या अंगणात कुणीतरी बारीक आवाजात एका तांब्यात पाण्याची वाटणी करताना ऐकू यायचं, आणि आमच्या घरात कुणी पाणी प्यायचं झालं तर तांब्या न वाजवता प्यायचं. लताताई मला म्हणाली, "वा. एक कुत्रं भ्यायचं थांबावं म्हणून दोन घरं बोलायची थांबवलीस." आणि ढाण्या? भांडण नाही म्हणजे हाड नाही. तो पुन्हा टिपाडाच्या तळाशी गेला. मी आणि लताताईनं भांडून पाहिलं. आम्ही खरं खरं, अगदी मनापासून भांडलो, पण त्यानं मान वर केली नाही. त्याला भांडण हवं होतं ते त्या दोघींचं.

टँकर आला सकाळी. हॉर्न, पोरं, भांडी, सगळं तसंच. नेमकी त्या दिवशी अण्णांना सुट्टी होती आणि ते अंगणात हातात दोरी घेऊन उभे होते. दोरी कशाला ते मी विचारलं नाही. आमचं चांगलं टिपाड दारात उभं होतं, दुसरं अंगणात आडवं, आत ढाण्या. आई आमच्या उंबऱ्यावर, खाला त्यांच्या उंबऱ्यावर, दोघींमध्ये हाताचं अंतर, आणि दोघी समोरच्या टँकरकडं अशा बघत होत्या की जणू त्यावर काही लिहिलंय. खालांच्या बहिणीची पोरं हातात डबे, पातेली, काय मिळेल ते घेऊन उभी. ड्रायव्हरनं आमचं एक टिपाड भरलं. "दुसरं कुठंय? उभं करा लवकर, न्हाईतर मी चाललो म्होरं."

मी आईजवळ गेलो. "आई, भांड ना."

"कुणाशी?"

"खालांशी."

"मी बोलत नाय त्यांच्याशी," आई दातओठ खात कुजबुजली. "भांडू कशी?"

अण्णांनी दोरीची गाठ सोडायला घेतली. मला दुसरं काही सुचेना. मी अंगणात धावलो, गुडघ्यावर बसलो आणि डोकं, मग हात, मग खांदे असा टिपाडात शिरलो. ढाण्याला धरून आणायचं आणि बाहेर यायचं, असा बेत होता. पण माझे खांदे आत गेले तसे अडकले. आत डांबराचा, हाडांचा आणि माझ्या जुन्या सदऱ्याचा वास. अंधारात टोकाला दोन डोळे, माझ्याइतकेच घाबरलेले. मी "ये बाळा, ये" म्हणालो, तर माझाच आवाज घुमून माझ्या कानात बसला. मग बाहेरून एक आवाज आला, लोखंडातून आल्यासारखा ठणठणीत.

"गलता बोले थे तुम मेरेकू!" शमीमखाला. त्यांनी अण्णांच्या हातातली दोरी बघितली होती आणि कुत्रं आता जाणार हे ओळखलं होतं, हे मला नंतर कळलं.

"मग काय सांगू?" आई. "कुत्रं निजतंय त्यात, प्यायचं पाणी भरा म्हणून सांगू? तुमच्यात चालतंय का ते?"

"मेरेकू पूछे क्या? पूछे क्या एक बार? मिट्टी लगा लगा के सात बार धो के लेती मैं!"

"आन् सात डाव धुवायला पाणी कुठंय हो?" आई ओरडली. "पाणी असतं तर टिपाड कशाला लागलं असतं?"

मग एक फिस्स असा आवाज आला, तो खालांचा. मग आईचा. मग दोघी हसताहेत की रडताहेत ते मला आतून कळेना, कारण तेवढ्यात ढाण्यानं तो ओळखीचा चढलेला सूर ऐकला होता आणि त्याला बाहेर जायचं होतं. फार जायचं होतं. त्यानं आपलं ते मोठं डोकं माझ्या तोंडाला लावलं आणि रेटायला सुरुवात केली. मी "मागं सर, मागं सर" म्हणत होतो, तो माझा कान चाटून पुन्हा रेटत होता. बाहेर आई म्हणत होती, "हे भरलेलं चांगलं टिपाड तुमच्या दारात ठेवा. कुत्र्याच्यातलं आम्ही पितो, आम्हाला काय व्हत नाय." खाला म्हणत होत्या, "नक्को नक्को, आधा आधा करेंगे." "आधं कशाला, पोरं केवढी हायती तुमच्याकडं! आन् त्या दिवशी मी बोलले ना, ते..." "जाने देव भाभी, वो तो तालीम थी." गल्लीतल्या सगळ्यांना हे दिसत होतं, फक्त मी कुणाला आठवत नव्हतो.

शेवटी अण्णांनी माझे पाय धरले. दोरी टाकून दिली असणार, कारण दोन्ही हातांनी धरले. त्यांनी एक हिसडा दिला, आतून ढाण्यानं एक दिला, आणि मी बाहेर आलो, सदरा बगलेपर्यंत वर गेलेला, तोंड काळं. माझ्या पाठीवरून ढाण्या सुसाट गेला तो दारात, आई आणि खालांच्या बरोबर मध्ये जाऊन बसला आणि आळीपाळीनं दोघींच्या तोंडाकडं बघायला लागला. टँकर समोर धडधडत होता, हॉर्न वाजत होता, कुणाची तरी घागर दगडावर आपटली, पण त्यानं कान हलवला नाही. खालांनी ओढणी आवरून घेतली, पण सरकल्या नाहीत. लताताई आणि अण्णांनी टिपाड घासलं, दारात नेऊन उभं केलं, आणि पाइपातून पहिलं पाणी लोखंडावर आदळून असं काही वाजलं की गल्लीतली पोरं ओरडली.

पाणी चढत असताना ड्रायव्हर ढाण्याकडं बघत म्हणाला, "लई आडमुठं दिसतंय हो कुत्रं. एवढा येळ निघंना व्हय?"

"कुत्ता?" शमीमखाला म्हणाल्या, आणि मी उभा होतो तिकडं बोट केलं. "कुत्ता तो कबका तैयार था, भाऊ. ये हमारा सुधाकर मुंडी घुसाके पडा था ना सामने. वो बिचारा निकलता किधर से?"